रिकामी बाही

१

शेवटचं खाणं वाटायला सुरुवात झाली, तेव्हा कळलं की माझ्या शेजारचे काका मेलेले आहेत. माझ्या लेकीचे पाय त्यांच्या मांडीवर होते.

पाय मीच ठेवले होते. दहा महिन्यांची पोर, तिला आडवं व्हायला माझी एकटीची मांडी कुठे पुरते? दोन सीटमधल्या हातावर उशी टाकून मी तिला लांब केलं होतं. निघताना काकांनीच सांगितलं होतं, "सोड गं इकडे पाय. एवढ्याशा पायांचं मला काय ओझं?"

होस्टेस वाकून म्हणाली, "सर, सीट सरळ करा." पुन्हा एकदा म्हणाली. मग तिने त्यांच्या खांद्याला हात लावला. लावलेला हात तिने फार हळू मागे घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मॅडम, बाळाला जरा उचलून घेता?"

आमची रांग भिंतीलगतची. समोर कोरी भिंत, मधे चार सीट. एका कडेला माझा नवरा, मग मी, मग काका, आणि पलीकडच्या कडेला काकू. विमानाच्या खिडक्यांना झाकणं नव्हती. बटण दाबलं की काच निळी-काळी होत जायची. बाहेर भर दिवस होता. आत मात्र निघाल्यापासून संध्याकाळ करून ठेवलेली, आणि सूर्य लांबच्या काचेत फिक्या निळ्या बशीसारखा चिकटून बसलेला. त्या उजेडात सगळेच थोडे मेल्यासारखे दिसत होते. काका वेगळे दिसायचं काही कारणच नव्हतं.

कोणी डॉक्टर आहे का, अशी घोषणा झाली आणि मागून एक बाई आल्या. "मी त्वचेची डॉक्टर आहे," त्यांनी आधीच सांगून टाकलं. त्यांनी काकांचा जबडा चाचपला. पांघरुणातून डावा हात बाहेर काढला, बोटं उघडायचा प्रयत्न केला. बोटं उघडली नाहीत.

"बराच वेळ झाला यांना जाऊन," त्या म्हणाल्या. "पहिलं जेवण झालं, त्यानंतर लगेचच, असं मला वाटतं."

मागच्या रांगेतून काकांचा जावई उभा राहिला. "काय बोलताय? आई, काय म्हणतायत या?"

काकू समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. "झोपले होते," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, झोपलेत."

आणि मी मधेच बोलले. मला वाटलं, मी मदतच करतेय.

"असं कसं होईल? मधे सँडविच देऊन गेल्यावर ही चुळबुळायला लागली, तेव्हा काकांनीच थोपटलं हिला. मी बघितलं ना. त्यांचीच तपकिरी बाही."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे, मग माझ्या कडेवरच्या पोरीकडे पाहिलं.

"शक्य नाही," त्या म्हणाल्या.

"अहो, मी जागी होते."

"ताई, सँडविच आलं तेव्हा या माणसाला जाऊन तासन् तास झाले होते."

मी लेकीला घट्ट धरलं. तिचे दोन्ही मोजे गारठलेले होते.

२

माझ्या नवऱ्याची आत्या वाटेच्या पलीकडच्या सीटवर होती. आत्यांनी जन्मभर विमा कंपनीत दाव्यांची चौकशी केली. आग लागली की लावली, माणूस पडला की पाडला, हे लोकांच्या घरी बसून, त्यांच्या सुनांचं आणि गुडघेदुखीचं ऐकत ऐकत काढून घ्यायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्या तरी खोड गेलेली नाही. आमच्याबरोबर सुट्टीला येताना त्यांनी बजावलं होतं, "मी फिरायला येतेय, तुमची ढमी सांभाळायला नाही." ढमी म्हणजे माझी लेक. गालांवरून पडलेलं नाव.

सगळ्यांची वरिष्ठ, मोठी होस्टेस आली. केस घट्ट बांधलेले, आवाज शांत. तिने काकूंच्या खांद्यावर हात ठेवला आणि जावयाला सांगितलं, "कॅप्टन खाली कळवतील. साधा मृत्यू असेल तर फार काही नाही. पण डॉक्टर एक वेळ सांगतात, या ताई दुसरी सांगतात, आणि शेजारी बसलेल्या काकूंना काहीच ठाऊक नाही. असं असलं की पोलीस विमानात येतात. गेलेल्याला वेगळं नेतात, शेजारी बसलेल्याला वेगळं."

"वेगळं नको," काकू एकदम म्हणाल्या. इतक्या वेळात प्रथमच त्यांनी मान वळवली होती. "त्यांना घरी न्यायचंय मला. सरळ घरी."

"मग आई, नीट सांगा ना!" जावयाचा आवाज चढला. "तुम्ही शेजारी होतात. माणूस गार पडला तरी कळलं नाही तुम्हाला? मी काय सांगू तिकडे? ती विमानतळावर उभी असेल, बाबा कुठायत विचारेल, तर काय सांगू?"

काकांच्या मुलीला रजा मिळाली नव्हती, म्हणून हा एकटा सासू-सासऱ्यांना घेऊन परदेश दाखवायला गेला होता. निघताना सगळ्या रांगेला त्याने हे कौतुकाने सांगितलं होतं. आता त्याच्या कपाळावर घाम होता.

काकू माझ्याकडे वळल्या. त्यांच्या नजरेत काय होतं ते मला तेव्हा उमगलं नाही. मग त्या जावयाला म्हणाल्या, "ही सांगतेय ना. थोपटलं त्यांनी. सँडविचनंतर थोपटलं."

"एक माणूस दोन वेळा कसा जाईल?" आत्या पट्टा सोडत उठल्या. मोठ्या होस्टेसला म्हणाल्या, "खाली उतरायला वेळ आहे ना? तुम्ही तुमची कामं करा. मी नुसती चार लोकांशी बोलते. म्हातारी बाई आहे, बोलायची सवय आहे."

विमान भरलेलं होतं. काकांना दुसरीकडे हलवायला जागा नव्हती. काकूंना पडद्यामागे, चहा-कॉफीच्या जागेत, होस्टेसच्या घडीच्या खुर्चीवर बसवलं. मी ढमीला घेऊन नवऱ्याच्या कडेच्या सीटवर सरकले आणि माझ्या जागी, काकांच्या शेजारी, नवऱ्याला बसावं लागलं. तो दोन्ही कोपरं पोटाशी आवळून बसला.

"ठोंब्या, श्वास घे," आत्या त्याला म्हणाल्या. "ते काही करत नाहीत."

"हिला थोपटलंच ना त्यांनी?" नवरा पुटपुटला. "मेल्यावर?"

आत्या काकांच्या अंगावरच्या स्वेटरकडे बघत होत्या. हाताने विणलेला, जाड, तपकिरी. सुट्टीत काका ओल्या पायरीवरून घसरले होते आणि उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, गळ्यातल्या झोळीत होता. प्लास्टर बाहीत शिरेना, म्हणून स्वेटर एकाच हातात घातलेला, दुसरी बाजू नुसती खांद्यावर टाकलेली. उजवी बाही काकूंच्या सीटकडे रिकामी लोंबत होती.

३

काकांच्या थेट मागे एक गृहस्थ होते. त्यांच्या गळ्यात फुगवलेली उशी होती आणि उभं राहून बोलतानाही ती त्यांनी काढली नाही. मी त्यांना मनात उशीवाले म्हणून टाकलं. आत्यांनी आधी त्यांच्या मानेची चौकशी केली. माणूस लगेच पाघळला.

"माझा काही संबंध नाही हां. भांडण म्हणाल तर झालं थोडं. त्यांनी सीट मागे टाकली ती माझ्या गुडघ्यांवर. मी सांगितलं, तर त्यांना ऐकूच येईना. मग त्यांची बायको त्यांच्या कानात अशी ओरडली म्हणता! ‘अहो, सीट पुढे घ्या, मागच्यांचे गुडघे मोडतायत!’ मलाच लाज वाटली."

ते मीही ऐकलं होतं. काकांना प्रत्येक गोष्ट ओरडूनच सांगावी लागे. पट्टा लावा, रस घ्या, ढमी हसतेय बघा, सगळं काकूंच्या त्या खणखणीत आवाजात.

"कधीचं हे भांडण?" आत्यांनी विचारलं.

"पहिल्या जेवणाआधी. जेवण झालं आणि पोटात कळ आली म्हणून मी उठलो, तर बाथरूमला ही रांग. काकू माझ्या पुढे. किती वेळ लावावा माणसाने आत! परत आलो तोवर माझा ट्रे उचलून नेलेला. अर्धा केक होता त्यात."

"आणि पुढे?"

"पुढे काही नाही. म्हातारबुवा शांत. काकूच बोलत होत्या त्यांच्याशी, हळू आवाजात. सारख्या. मला काही झोप लागेना, म्हणून कानावर पडत होतं. मागच्या दारी नळ गळतोय, गेल्या गेल्या बघायला हवा. मनगट आता दुखत नसेल ना. असलं काहीबाही." ते जरा हळवे झाले. "या वयात इतकं प्रेम. आमच्याकडे तर बघा, बायको दोन रांगा मागे बसलीय, मुद्दाम."

आत्या एकदम गप्प झाल्या. त्यांचं गप्प होणं मला ठाऊक आहे; भाजी फोडणीला टाकल्यावर मीठ संपलंय हे लक्षात आल्यासारखा चेहरा होतो.

जावयाला त्यांनी आमच्या सीटपाशी बोलावलं आणि एकच विचारलं, "तू काय दिलंस त्यांना?"

तो पांढरा पडला. "झोपेची गोळी. तिथल्या हॉस्पिटलने दिलेली. अर्धी द्या म्हणाले होते. बाबा वेदनेने कण्हत होते, प्रवास मोठा, म्हणून मी जेवताना अख्खी दिली." त्याने माझा हात धरला. "ताई, तुम्ही नक्की बघितलंत ना, सँडविचनंतर त्यांना? म्हणजे गोळीने नाही ना गेले? तसंच सांगा हं. तुम्ही तसंच सांगा."

माझ्या एका वाक्यावर तो लोंबकळत होता, आणि ते वाक्य माझ्या तोंडात मातीसारखं झालं होतं.

डॉक्टरबाईंनी गोळ्यांचं पाकीट पाहिलं. "एका गोळीने माणूस जात नाही," त्या म्हणाल्या. "चारांनीही गेला नसता. वय झालं होतं, हृदय थांबलं. पण मी सांगितलेली वेळ बदलत नाही."

आत्यांनी मला बाजूला घेतलं.

"ती गोळी सोड. मला दुसरंच खुपतंय. ज्या माणसाला ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही, त्याच्याशी बायको तासन् तास कुजबुजते कशाला?"

मी पडद्याकडे वळून पाहिलं.

"तिला ठाऊक होतं," आत्या म्हणाल्या. "पहिल्या जेवणापासून."

४

"पण मग थोपटलं कोणी?" मी विचारलं. "आत्या, मला भास झाला नाही हो. ढमी रडायच्या बेतात होती, ओठ काढलेले. तो हात आला, हिच्या पायावर पडला, थोपटत राहिला, आणि ही गप्प झाली. भासाने पोरं झोपतात का?"

"हात कसा होता?"

"हातासारखा हात. बाही पार बोटांपर्यंत आलेली, टोकंच दिसत होती."

"डोळे मीट. आठव. मला हात नको सांगूस, अंगठा सांग."

"अंगठा?"

"अंगठा कुठल्या बाजूला होता?"

मी डोळे मिटले. निळा उजेड, ढमीचा पाय, पिवळा मोजा, त्यावर वर-खाली होणारी बोटं. पोरीकडे बघत इतके दिवस काढलेत की तिच्या अंगाजवळचं सगळं माझ्या डोळ्यांत छापल्यासारखं राहतं. "अलीकडे," मी म्हणाले. "हिच्या पायाच्या अलीकडे. आमच्या पोटांच्या बाजूला."

आत्यांनी मला परत कडेच्या सीटवर बसवलं. "ठोंब्या," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "तू आता काका."

"मी?"

"तुझा डावा हात तिच्या मांडीकडे कर. पालथा. थोपटल्यासारखा."

नवऱ्याने खऱ्या काकांकडे चोरून पाहिलं, माझ्याकडे वळला, आणि ढमीच्या पायांपर्यंत येईल असा डावा हात पुढे केला. तो सगळाच माझ्या बाजूला फिरला होता, मग आत्यांनी त्याला खांद्याला धरून काकांसारखं समोर तोंड करून बसवलं. अंगठा समोरच्या भिंतीकडे होता. त्याने कसाही फिरवला तरी भिंतीकडेच.

"आता उजवा आण. छातीवरून."

उजवा आला. अंगठा अलीकडे. पोटाच्या बाजूला.

आम्ही तिघंही त्या हाताकडे बघत राहिलो.

"त्यांचा उजवा तर प्लास्टरमध्ये आहे," नवरा म्हणाला.

"आहेच. पण बाही रिकामी आहे," आत्या म्हणाल्या. "आणि रिकाम्या बाहीशेजारी कोण बसलं होतं?"

पडद्यामागे काकू त्या छोट्या खुर्चीवर गुडघे जुळवून बसल्या होत्या. समोर चहा तसाच. आत्या त्यांच्यापुढे चक्क खाली बसल्या, सामानाच्या लोखंडी पेटीला टेकून. मी ढमीला घेऊन उभी. जावई आमच्या मागोमाग आला होता. त्याला कोणी थांबवलं नाही.

आत्यांनी काही विचारलं नाही. नुसतं म्हणाल्या, "थंडी फार होती ना विमानात?"

काकूंचे डोळे भरून आले.

"त्यांच्या स्वेटरची बाही रिकामीच होती," त्या म्हणाल्या. "मी त्यात हात घातला."

५

"मी बाथरूमला गेले होते. परत आले, तर ते तसेच बसलेले, मान जरा कलती. मी ओरडले कानात, अहो, गोड खाल्लं का तुम्ही? आणि बघितलं तर..." काकूंनी पदराने नाही, हाताच्या पालथ्या भागाने डोळे पुसले, कामात असल्यासारखे. "त्यांचा हात हिच्या पायावर होता. मी तो उचलून पांघरुणात घातला. अजून ऊब होती."

"आणि तुम्ही कोणाला हाक मारली नाही?" जावई म्हणाला.

"मारली असती तर विमान उतरवलं असतं. जवळ जो देश असेल तिथे. त्यांना तिथेच ठेवलं असतं, कुठल्या तरी गार खोलीत, नाव विचारणारं कोणी नाही." त्या त्याच्याकडे वळल्या. "तुम्ही दिवसभर कागदांच्या मागे होतात त्या हॉस्पिटलमध्ये. मी आत होते. त्यांना कोणाचं ऐकू येईना, ऐकू आलं तर कळेना. रात्रंदिवस छताकडे बघत असायचे. मला म्हणाले, काहीही झालं तरी मला परक्या जागी ठेवू नकोस. घरी ने. मी शब्द दिला होता."

"मग ही पोर चुळबुळायला लागली," आत्यांनी पुढचं वाक्य सोपं करून दिलं.

"ही रडली असती तर दिवा लागला असता, होस्टेस आली असती. म्हणून मी थोपटलं. तो हात त्यांच्या बाहीत आहे हे माझ्या लक्षातही नव्हतं. बघितलं तर वाटलं, तेच थोपटतायत." त्यांनी आपल्याच पंजाकडे पाहिलं. "मग मी काढलाच नाही."

मोठी होस्टेस पडद्याला धरून उभी होती. ती कधी आली कळलं नाही. ती काकूंजवळ वाकली.

"काकू, विमान आम्ही आजारी माणसासाठी उतरवतो. वाचवता येईल म्हणून. गेलेल्या माणसासाठी नाही उतरवत. त्यांना आम्ही घरीच आणतो. तुम्ही सांगितलं असतं, तरी आपण इथेच आलो असतो."

काकूंच्या चेहऱ्यावरून ते वाक्य उतरत गेलेलं मी पाहिलं. आणि ते तळाला पोचायच्या आत जावई बोलला.

"म्हणजे आजारी असताना सांगितलं असतं, तर उतरवलं असतं. वाचले असते." तो सासूकडे रोखून बघत होता. "आई, खरं सांगा. तुम्ही आलात तेव्हा ते गेलेले होते, की जात होते?"

"गेले होते."

"कशावरून? तुम्ही डॉक्टर आहात? ऊब होती म्हणता. तुम्हाला विमान उतरायला नकोच होतं. तुम्ही बसून राहिलात!"

काकूंनी मला उद्देशून, जवळजवळ मुलीसारख्या आवाजात विचारलं, "तू शेजारी होतीस ना गं. मी नसताना त्यांनी हाक मारली का मला? कण्हले का? मी तिकडे रांगेत उभी होते. तेवढ्यात त्यांना काही झालं का?"

सगळं हेच होतं. घर, पोलीस, वेगळं नेणं, ते नंतरचं. या बाईला उरलेलं आयुष्य याच प्रश्नाबरोबर काढायचं होतं, आणि उत्तर, असलंच तर, माझ्याकडे होतं.

मी ढमीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि आठवायला लागले. पहिलं जेवण. दिवे मालवलेले. ट्रे अजून उचललेले नव्हते, माझा पायाशी ठेवलेला. मी डोळे मिटलेले, पूर्ण झोप नाही, आयांना लागते तेवढीच. काका ढमीला थोपटत होते. त्यांचं थोपटणं निराळं. जन्मभर टपाल कार्यालयात शिक्के मारले, हे त्यांनी निघताना सांगितलं होतं. एक शाईच्या गादीवर, एक पाकिटावर. हातात तोच ताल बसलेला. ठप-ठप. मग थांबा. ठप-ठप. मग थांबा. मला हसू आलं होतं, माझी पोर कुठल्या गावाला पाठवतायत म्हणून.

"काकू," मी म्हणाले, "ते जोडीने थोपटत होते. ठप-ठप. तुम्ही थोपटलंत ते सरळ, एकसारखं. मी तेव्हा अर्धवट झोपेत, माझ्या ध्यानात नाही आलं. पण पहिल्या वेळी, अगदी पहिल्या जेवणानंतर, एक ठप आला आणि दुसरा आलाच नाही."

मी ढमीचा पाय हातात धरून दाखवला.

"मी लगेच डोळे उघडले. ढमी हलली की काय म्हणून. ती हलली नव्हती. काकांचा हात तिच्या पायावर होता, तसाच, सैल. तोंडावर काही नाही. कपाळाला आठी नाही. मला वाटलं, थोपटता थोपटता डोळा लागला. आणि त्यांच्या पलीकडे बघितलं तर तुमची सीट रिकामी होती. तुमचा ट्रे सीटवर ठेवलेला, त्यावर घडी केलेलं पांघरूण."

"रांगेत होती ती," आत्या सावकाश म्हणाल्या. "उशीवाल्यांच्या पुढे. ट्रे उचलायच्या आधी गेली, उचलून झाल्यावर आली."

"त्यांनी हाक मारली नाही," मी काकूंना म्हणाले. "मी हातभर अंतरावर होते. साधा श्वाससुद्धा जोरात घेतला नाही त्यांनी. बोट आकसलं असतं तरी ढमीचा पाय हलला असता, आणि तिचा पाय हलला की मी जागी होते."

"खरं सांगतेस?" काकूंनी विचारलं. "की मला बरं वाटावं म्हणून?"

"तसं असतं, तर तुम्ही शेजारी होतात म्हणाले असते."

त्या वेळी त्या रडल्या. तोंडावर हात न घेता, आवाज न करता, आणि जावई भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

६

विमान उतरलं. खिडक्यांचा निळा रंग हळूहळू विरला आणि भर दुपारचं ऊन आत आलं, डोळ्यांना दुखेल असं. आम्ही ऊन पडलेलं असतानाच निघालो होतो; इतका वेळ गेला तरी दिवस तोच असावा असं वाटलं. लोक सामान काढत, मान वळवून काकांकडे बघत, बघितलं नाही असं दाखवत निघून गेले. उशीवाले जाताना काकूंपुढे क्षणभर थांबले. त्यांनी गळ्यातली उशी काढून हातात धरली आणि मान झुकवली.

पोलीस अधिकारी एकटीच आली. थकलेली, बुटांवर धूळ. मोठ्या होस्टेसने सांगायला सुरुवात केली, तर काकू उठून उभ्या राहिल्या.

"मी सांगते. ते पहिल्या जेवणानंतर गेले. मला कळलं होतं. मी कोणाला सांगितलं नाही. झोपलेत म्हणाले, ते खोटं."

जावयाने दचकून वर पाहिलं. आत्यांनी माझा दंड दाबला, आता तू.

मी माझं सांगितलं. कुठला हात कोणाचा, कुठला ताल कुठे तुटला, कोणाची सीट कधी रिकामी. डॉक्टरबाई थांबल्या होत्या. त्यांनी वेळ सांगितली. जुळलं. अधिकारी ढमीकडे बघत ऐकत होती. ढमी तिच्या बिल्ल्याकडे हात करत होती.

"तुमचं काही म्हणणं आहे?" तिने जावयाला विचारलं.

"मी त्यांना अर्धीच्या जागी अख्खी गोळी दिली होती," तो म्हणाला. "आईंना यातलं काही माहीत नव्हतं. बाकी, या ताई सांगतायत तसंच असणार."

तिने डॉक्टरबाईंकडे पाहिलं, त्यांनी मानेनेच नाही म्हटलं, गोळीचं काही नाही.

"इथल्या डॉक्टरांना एकदा बघावं लागेल," ती काकूंना म्हणाली. "तुम्ही बाहेर बसा, त्याच दाराशी. मग घेऊन जा."

"आज?" काकूंनी विचारलं.

"आजच."

काकू पुन्हा सीटवर बसल्या आणि वाकून चपला शोधू लागल्या. इतक्या तासांनी पाय सुजून टम्म झाले होते. एक चप्पल अंगठ्याशीच अडकली. दुसरी त्यांनी रेटून पाहिली, पट्टा वर चढेना. बाहेर स्ट्रेचर येऊन थांबलं होतं, माणसं वाट बघत होती, आणि त्या चप्पल रेटत होत्या.

जावई गुडघ्यावर बसला. त्याने पट्टा सैल केला, टाच धरली, हलकेच घालून पाहिली. नाही बसली. पुन्हा पाहिली. मग त्याने दोन्ही चपला उचलून आपल्या हातात घेतल्या.

"राहू द्या, आई," तो म्हणाला. "असंच चला. ती वाट बघत असेल."